वरून घेतलेला फोटो

दीनानाथांनी लॅपटॉपची वायर टीव्हीच्या मागे खोचली, बेसमेंटचा दिवा घालवला आणि पडद्यावर आणखी एक आयरिश किल्ला आला. समोर सोफ्यावर राजन आणि रश्मी हातात पोह्यांच्या बशा घेऊन बसले होते. स्कारबरोत नुकतंच घर घेतलेलं हे पुण्याचं तरुण जोडपं रविवारी दुपारी सहज भेटायला म्हणून आलं होतं, आणि सापडलं होतं. सप्टेंबरात आयर्लंडची सहल करून आल्यापासून दीनानाथांच्या घरून कोणी किल्ले पाहिल्याशिवाय सुटत नसे. कॉलेजात असताना हा माणूस सुट्टी मिळाली की गडावर पळायचा. मग सगळी नोकरी कॅनडात पूल बांधण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांना पुन्हा गड आठवले, आणि जवळ पडतात म्हणून आयर्लंडचे.

"हा बघा, बुरुजावरून घेतलाय. अख्खं अंगण एका फ्रेममध्ये. खाली माणसं बघा, मुंग्यांएवढी!"

"सुपर्ब आलाय, काका," राजन म्हणाला.

"आणि इथेच आमच्या बाईसाहेबांनी कमाल केली."

उमाताई शेवेचा डबा घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"बाकीचे किल्ले हिने खाली बाकावर बसून पाहिले. गुडघे! हा एकच चढली. गोल जिना, कठड्याऐवजी दोर, थांबत थांबत, धापा टाकत. आणि वर पोचल्यावर पर्समधून काय काढावं? खण, तांदूळ, खोबऱ्याची वाटी! त्या गाईडला विचारते, 'व्हेअर इज द देवी?' मी म्हटलं, अगं आवर ते. लोक बघतायत. हा काय आपला गड आहे?"

राजनला हसताना ठसका लागला. उमाताईही हसल्या. या जागी त्या दर वेळी हसायच्या.

रश्मी तेवढी हसली नाही. "पण काकू, ओटी कशासाठी भरायची होती तुम्हाला?"

"अगं, गड म्हटला की देवी असायचीच, असं वाटलं," उमाताई म्हणाल्या. "शेव घे ना आणखी."

बाहेर बर्फ भुरभुरायला लागला, तशी राजनने संधी साधली. "काका, विंटर टायर्स अजून लावले नाहीयेत. निघतो आम्ही," म्हणत दोघं निघाली.

उमाताई वर स्वयंपाकघरात बशा विसळायला लागल्या. दीनानाथांनी फडकं घेतलं आणि एकेक बशी पुसू लागले. कोणाकोणाला त्यांनी हा किस्सा सांगितला होता; पण आज आलेल्या मुलीला जे सुचलं, ते आपल्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

"खरंच, कशासाठी गं?"

"ऋषीचा नवस होता."

ऋषी त्यांचा मुलगा. आता कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला असतो, दोन पोरांचा बाप आहे.

"ऋषीचा? कधीचा?"

"झाला तेव्हाचा. काचेच्या पेटीत होता. तुम्ही तिकडे सडबरीला पुलाच्या साइटवर, आणि डॉक्टर धड काही सांगेनात. म्हटलं, पोर घरी येऊ दे, माहेरच्या गडावर येऊन तुझी ओटी भरीन."

"कधी बोलली नाहीस."

"नवस सांगून फेडतात होय? पण गडावर जाऊ या, हे दर वेळी बोलले मी."

ते मात्र त्यांना आठवलं. भारतात गेलं की ती म्हणायची, नाशिकला जाणारच आहोत, तर एक दिवस गडावर जाऊ. कधी कोणाचं लग्न असायचं, कधी फ्लॅटची कामं. शिवाय तो गड कोणाला ठाऊकही नव्हता. "टेकाड आहे ते, त्याला काय गड म्हणतेस?" असं ते तिच्या भावांसमोर म्हणाले होते, आणि सगळे हसले होते. तेव्हाही उमा हसली होती.

"आता जिने बंद करा म्हणाले डॉक्टर," उमाताई सांगत होत्या. "म्हटलं, त्याआधी एक चढून घ्यावा. कुठलाही असो. देवीला काय, कुठूनही पोचतं."

दीनानाथांच्या हातातली बशी कधीची कोरडी झाली होती. ते ती पुसतच राहिले.

"मार्चमध्ये जाऊ या," ते म्हणाले. "तिकिटं काढतो आजच. वर न्यायला डोली करू, माणसं मिळतात. दोघं मिळून ओटी भरू."

"मी भरली."

"कुठे?"

"तिथेच. तुम्ही ओरडलात, मग मी खाली आले. तिकिटं देणारी पोरगी होती ना, तिचे दिवस भरत आले होते. मला धाप लागलेली बघून तिने स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हटलं, आणखी कुठली देवी शोधायची? लग्नबिग्न झालंय का, ते काही विचारलं नाही मी. तिला म्हटलं, फॉर माय सन. तर स्वेटर असा पुढे धरून उभी राहिली. रडायलाच लागली बिचारी."

दीनानाथांनी हातातली बशी ओट्यावर ठेवली.

"मला हाक मारायचीस ना," ते म्हणाले. "माझाही मुलगा आहे तो. मी आलो असतो, उमा."

उमाताईंनी नळ बंद केला.

"मारली होती. तुम्ही वरून हात केलात, बाजूला हो म्हणून. आम्ही फोटोत येत होतो."

त्या पदराला हात पुसत आत गेल्या. दीनानाथ सावकाश बेसमेंटमध्ये उतरले. टीव्ही चालूच राहिला होता, बुरुजावरून घेतलेला तोच फोटो दाखवत. ते अगदी जवळ जाऊन उभे राहिले. अंगणाच्या कडेला, तिकीटघरापाशी, दोन मुंग्या होत्या. त्यातल्या एकीने मान वर केली होती.