स्वतःच्याच घरातली भाडेकरू

“म्हणजे माझ्याच घरात राहायला मी लेकीला भाडं देऊ?” एल्झाने विचारलं.

वकील टॉलिव्हर यांनी शांतपणे पुन्हा समजावलं. घर आज ट्रस्टमध्ये टाकायचं. दहा वर्षं एल्झाने पूर्वीसारखंच राहायचं. मुदत संपली की घर लॉरीनचं. लेकीला ते इतक्या उशिरा मिळणार, म्हणून करासाठी देणगीची किंमतही आज कमी धरतात. त्यानंतर राहायचं तर बाजारभावाने भाडं द्यायचं. नाहीतर सरकार म्हणेल, देणगी नुसती नावाला होती.

“आणि मी मधेच गेले तर?”

“तर मुसळ केरात. घर पुन्हा तुमच्याच मालमत्तेत धरलं जाईल आणि पूर्ण कर लागेल.”

एल्झाने लेकीकडे पाहिलं. लॉरीन खिडकीबाहेर बघत होती.

एल्झाने जन्मभर शाळेची बस चालवली होती. नवरा व्हर्जिल सुतार. त्याने घर बांधलं ती कोलंबिया नदीकाठची जागा तेव्हा कुणाला नको होती, सतत वारा. पुढे त्याच वाऱ्यासाठी शहरातले लोक पाण्यावर पळवायच्या शिडाच्या फळ्या घेऊन आले आणि जमिनीचे भाव आभाळाला भिडले. ओरेगन राज्याचा वारसाकर काही फक्त धनदांडग्यांना लागत नाही. आपल्यामागे तो भरायला लॉरीनला घरच विकावं लागेल, हे एल्झाला कळत होतं. तिने सही केली.

पण संशय शिरला तो शिरलाच. पुढच्याच आठवड्यात लॉरीनने फ्रीजमधलं चरबीदार बेकन उचलून नेलं. मग न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. दर रविवारी येऊन आईचा रक्तदाब मोजू लागली. व्हर्जिल शेवटच्या आजारात असताना ही पोरगी नाताळलासुद्धा धड येत नव्हती. एल्झाने मैत्रिणीला, डॉटीला, सांगून टाकलं की लेक मला नाही, मुदतीला जपतेय. डॉटी म्हणाली, कशाला का जपेना, जपतेय ना. एल्झाला ते पटलं नाही.

मुदतीतली तीन वर्षं उरली असताना तिला हृदयविकाराचा झटका आला. शुद्धीवर आली तेव्हा लॉरीन खुर्चीत अवघडून झोपली होती. तुमची लेक इथून हलली नाही हो, नर्स कौतुकाने म्हणाली. हलेल कशी, एल्झाच्या मनात आलं, आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

ती जगली. तीन वर्षांनी, ऑक्टोबरमध्ये, टॉलिव्हर यांचा फोन आला. मुदत पुरी झाली होती, घर लॉरीनचं झालं होतं. एल्झाने अभिनंदन ऐकून घेतलं आणि रविवारची वाट बघत बसली. आता येतेय कशाला, असं स्वतःला बजावत तिने कॉफी मात्र दोघींपुरती टाकली.

लॉरीन आली. नेहमीसारखं रक्तदाबाचं यंत्र काढून तिने आईची बाही वर सारली. एल्झाने हात मागे घेतला.

“आता कशाला? मिळालं ना घर?”

लॉरीन चिडली नाही.

“पहिली दोन-तीन वर्षं ती तारीख डोक्यात असायची, आई. खोटं कशाला बोलू? मग डोक्यातून कधी गेली, कळलं नाही.”

“हॉस्पिटलात माझ्यापाशी बसली होतीस तेव्हा?”

“तेव्हा मला तू हवी होतीस.”

हे खरं की खोटं, एल्झाला ठरवता येईना. दहा वर्षांचा संशय एका दुपारी उठून जाणार नव्हता. ती आत गेली आणि पहिल्या महिन्याच्या भाड्याचा चेक घेऊन आली. लॉरीनने हात पुढे केला नाही. घ्यावाच लागेल, वकिलांनी सांगितलंय, एल्झा म्हणाली. लेकीने तो घडी घालून खिशात ठेवला आणि डोळे पुसले.

एल्झाने तिच्यापुढे कॉफी सरकवली.

“घरमालकीणबाई, ओट्याखालचा पाइप गळतोय. भाडेकरूंनी सांगायचं कुणाला?”

लॉरीनने कोट काढून खुर्चीला अडकवला आणि ओट्याखाली आडवी झाली. एल्झा गुडघे धरत हळूहळू तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिला दिसावं म्हणून बॅटरी धरून राहिली.