एकशे बारा नावांची पत्रिका

श्रीरामपूरच्या मेनरोडला माझं दुकान होतं. पाटीवर तीन ओळी: डीटीपी, लग्नपत्रिका, इंटरनेट. पोट भरायचं मधल्या ओळीवर. इंटरनेटचं एकोणीसशे नव्व्याण्णव साली आमच्याकडे असं होतं, की पुण्याला फोन लागायचा, मोडेम बराच वेळ केकाटायचा आणि चित्र पूर्ण दिसेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन, तंबाखू मळून, कधीकधी घरी जाऊन परत यायचं. तरीही आख्ख्या तालुक्यात या विषयातला जाणकार मीच, असा माझा समज होता. दुसरं कोणी जाणकार नसल्यामुळे तो टिकून होता.

देवळाली प्रवऱ्याचे सहादू मिस्त्री त्या जानेवारीत दोन कामं घेऊन आले. त्यांच्या दीपाचं लग्न मे महिन्यात होतं, तिची पत्रिका, हे एक. दुसरं सांगण्याआधी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मिस्त्रींची भट्टी होती. ऊसतोडीचे कोयते करणारे आमच्या जिल्ह्यात पुष्कळ, पण मिस्त्रींच्या कोयत्याची मूठ जराशी वाकडी असायची आणि बोटांपुढे एक लोखंडी कडं. त्यांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी, लग्नाआधी माहेरच्यांबरोबर ऊस तोडला होता. त्यांचं मनगट अजून थंडीत धरायचं. ते बघून मिस्त्रींनी चार वर्षं मूठ वाकवली, सरळ केली, परत वाकवली. शेवटी जमली. माणूस अबोल, पण त्या मुठीबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही.

दीपाच्या साखरपुड्यातही ते थांबले नाहीत. नवरदेवाचा थोरला भाऊ तुषार पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी साधेपणाने सांगितलं, की हा कोयता आपण ऑफिसात इंटरनेटवर पाहिलाय. पण परजिल्ह्यातल्या एका अवजारांच्या कारखानदाराचा फोटो आहे तिथे, खाली 'मूळ संशोधक' असं लिहिलंय. चाळीस माणसं पेढा तोंडात धरून बसली होती. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदम थंडीचा विषय काढला, आणि मिस्त्रींना तेच जास्त लागलं.

"ज्या घरात पोरगी द्यायची, तिथंच मी लबाड ठरलो," मिस्त्री मला म्हणाले. "लग्नाच्या आत माझं नाव त्याच्या वर आलं पायजे."

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. हो म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही.

मिस्त्रींची साइट मी चार दिवसांत केली. कोयत्याचा फोटो, मिस्त्रींचा फोटो, मागे भगवा रंग, वरून सरकत जाणारी अक्षरं. इंटरनेटवर ऊसतोडीचा कोयता शोधून पाहिला, तर आमचा कुठेच पत्ता नाही. मग तुषारलाच ईमेल करून विचारलं. पोरगा सरळ होता. आपल्या बोलण्याने मिस्त्री दुखावले हे त्याला कळलं होतं. त्याने कळवलं, की अमेरिकेत एक नवं शोधयंत्र निघालंय. एखादं पान स्वतःबद्दल काय सांगतं याच्यावर ते फारसं जात नाही. दुसरी कोणती पानं त्याच्याकडे बोट दाखवतात, ते बघतं.

हे वाचून मी मांडीवर थाप मारली. ही तर पत्रिका.

आमच्याकडची पत्रिका ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. नवरा-नवरी वरच्या चतकोरात उरकतात. बाकीच्या जागेत आमदारांपासून दूध संस्थेच्या माजी व्हाइस चेअरमनपर्यंत सगळे. कोणी निमंत्रक, कोणी कार्यवाहक, तळाला चिमुकल्यांची किलबिल. नाव राहिलं तर माणूस दुखावतो, आणि वरचं खाली गेलं तर भावकी दोन वर्षं बोलत नाही. मिस्त्रींच्या पत्रिकेत एकशे बारा नावं होती, आणि तिचं प्रूफ चौथ्यांदा सुधारलं जात होतं.

तेव्हा साइटीही तशाच गोळा करायच्या असं मी ठरवलं. अडचण एवढीच, की आसपास सगळ्या मिळून सात होत्या आणि त्यातल्या पाच मीच केलेल्या. मग माझ्या क्लासच्या बावीस पोरांना मी धडा म्हणून एकेक साइट करायला लावली, इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जागेवर. बेलापूरची बँडपार्टी आली, एक टेम्पोवाला आला, लेडीज टेलरिंगचा क्लास आला. प्रत्येकाने मिस्त्रींकडे बोट दाखवायचं, बदल्यात मिस्त्रींनी त्याच्याकडे. लगेच रुसवेफुगवे सुरू झाले. टेम्पोवाल्याला बँडच्या वर जागा हवी होती, कारण वरात टेम्पोशिवाय निघत नाही असं त्याचं म्हणणं.

छोट्या साइटींची किंमत ठरवायला मी एक वही केली. पहिली पंगत, दुसरी पंगत, तिसरी पंगत. पानाच्या तळाशी, किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा असायचा. तो हजाराच्या वर असेल तर पहिली पंगत. बँडपार्टीचा आकडा नऊ हजार होता. तो कसा झाला ते मला ठाऊक होतं, कारण बँडमास्तर माझ्याच दुकानात बसून दुपारभर तेच पान पुन्हा पुन्हा उघडायचे. तरी मी त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. नऊ हजार म्हणजे नऊ हजार.

फेब्रुवारीत एक ईमेल आली. रोमन लिपीत मराठी, सुरुवात 'सप्रेम जयभीम'. पाठवणाऱ्या भारतीबाई पाथर्डीच्या, साखरशाळेत शिकवायच्या. साखरशाळा म्हणजे कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्यांच्या पोरांची शाळा. शनिवारी नगरच्या एका कॉलेजात बसून त्या ऊसतोडणी करणाऱ्या बायांबद्दल इंग्रजीत एक साइट चालवत. मिस्त्रींच्या मुठीचं माप काय, आणि डाव्या हाताच्या बाईसाठी वेगळी मूठ मिळते का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी त्यांची साइट उघडली. राखाडी रंग, काळी अक्षरं, एकही फोटो नाही, काहीही हलत नाही. आकडा त्रेचाळीस. वहीत मी 'पंगतीबाहेर' लिहिलं आणि उत्तर दिलं नाही. मिस्त्रींना सांगितलंही नाही.

मार्चअखेर निकाल पाहायला मिस्त्री आणि मनकर्णाबाई दोघं आले. कारखानदार पहिला. आम्ही पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. मिस्त्री नवव्या पानापर्यंत खुर्चीत ताठ बसून राहिले. नंतर त्यांनी चष्मा खिशात ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो, म्हणून तुषारला फोन लावून त्याच्यावरच चिडलो. त्याने शांतपणे सगळ्या साइटी पाहिल्या आणि उलटा फोन केला.

"ही सगळी पानं एकमेकांच्याच गळ्यात पडलीत," तो म्हणाला. "बाहेरचं कोणी त्यांच्याकडे बघत नाही. ज्याला तुमच्याकडून काही नको, असं कोणी बोललंय का मिस्त्रींबद्दल?"

मी हे मोठ्याने सांगितलं. मनकर्णाबाई पत्रिकेचं प्रूफ हातात घेऊन बसल्या होत्या.

"मंग त्यात काय नवल," त्या म्हणाल्या. "ही नावं वाचून कुनी पोरगी देतं का? मी त्या घरातली थोरली सून गाठली, तिला बाजूला घेऊन इचारलं. जी त्या घरात नांदती, तिचं खरं."

तेव्हा मला त्रेचाळीस आकड्याच्या भारतीबाई आठवल्या. न सांगून चाललं असतं, पण मिस्त्रींचा चष्मा खिशात होता आणि मला ते बघवेना. मी सगळं सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तिनं मूठ इचारली हुती," ते म्हणाले, "आन् तू आकडा बघितला."

एप्रिलमध्ये तोडणीवाले घरी परतल्यावर आम्ही एसटीने पाथर्डीला गेलो. भारतीबाईंच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची फळी, आणि ओसरीत बारा बाया आधीच येऊन बसलेल्या. त्यातल्या राहीबाईंनी मिस्त्रींचा कोयता दोन हंगाम वापरला होता, राहुरीच्या बाजारातून नेलेला. बाकीच्यांना त्यांनी तो आळीपाळीने वापरायला दिला होता. त्यांनी कोयता मिस्त्रींच्या हातात ठेवला. मुठीवरचं लोखंड घासून गुळगुळीत झालं होतं. मिस्त्री त्याच्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिले.

भारतीबाईंनी एकेकीला विचारलं आणि लिहून घेतलं. आठ जणी म्हणाल्या, मनगट कमी दुखतं. चौघी नाही म्हणाल्या: दोघी डावऱ्या होत्या, दोघींच्या बांगड्या कड्यात अडकायच्या. मी माझ्याकडून व्यवहाराचं बोललो. त्या चौघींचं तेवढं वगळा, आणि बदल्यात आमच्या साइटवर तुम्हाला सगळ्यात वर जागा देतो, लुकलुकणाऱ्या चांदणीसकट.

"मला जागा नको," भारतीबाई म्हणाल्या. "तुम्ही माझं नाव टाकलंत की देवाणघेवाण झाली. मग माझ्या लिहिण्यावर विश्वास कोणी ठेवायचा? आणि चौघींचं मी लिहिणारच."

"लिवा, बाई," मिस्त्री म्हणाले. "त्ये बी खरंच हाय."

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बस्त्याच्या खरेदीला दोन्हीकडची मंडळी श्रीरामपुरात आली आणि साड्यांच्या गठ्ठ्यांसकट माझ्या दुकानात शिरली. तुषार खुर्चीवर बसला. मोडेम केकाटला. अठरा माणसं, एक पंखा, आणि अक्षरं वरून खाली येतायत.

पहिल्या जागी ते राखाडी पान आलं. दुसऱ्या जागी सहादू मिस्त्री. त्यांच्या खाली कारखानदार, फोटोसकट.

तुषारने पहिलं पान मराठी करत मोठ्याने वाचलं. देवळाली प्रवऱ्याच्या मिस्त्रींनी केलेला कोयता, बारा जणींनी वापरला, आठ जणींना बरा वाटला, चौघींना नाही. कोणत्या चौघींना, का. आणि तळाला मिस्त्रींच्या साइटकडे बोट. तोच सांगत होता, की या पानाकडे हॉलंडचं एक विद्यापीठ बोट दाखवतं, मजुरांच्या दोन संघटना दाखवतात. येतात थोडेच, पण वाचायला येतात. मग तो उठला आणि अठरा माणसांदेखत मिस्त्रींच्या पाया पडला. त्या दिवशी मी खात्री न करता बोललो, म्हणाला. मिस्त्रींनी त्याला खांद्याला धरून उठवलं. मग भारतीबाईंच्या पानाचा आकडा किती झाला ते विचारलं. एक्कावन्न.

मंडळी गेल्यावर मिस्त्री मागे थांबले. पत्रिकेचं प्रूफ मागून घेतलं, माझं लाल पेन घेतलं आणि निमंत्रकांपासून किलबिलीपर्यंत उभी रेघ मारली. चार वेळा सुधारलेलं प्रूफ. आमदार गेले, माजी व्हाइस चेअरमन गेले. तालुक्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांनी खाली एकच नाव लिहून दिलं आणि ते तसंच छापलं: निमंत्रक, राहीबाई, ऊसतोड कामगार, तालुका पाथर्डी.

लग्नाला ज्यांची नावं नव्हती ते एकशे बारा झाडून आले, का नाहीत ते विचारायला. विचारून जेवूनही गेले. राहीबाई बाकीच्या अकरा जणींना घेऊन एका जीपमधून आल्या आणि पुढाऱ्यांसाठी मांडलेल्या सोफ्यांवर बसल्या. भारतीबाई मागे, खुर्चीवर. नवऱ्याकडच्या एका वडीलधाऱ्याने पत्रिका पुढे करून मिस्त्रींना विचारलं, की या राहीबाई आपल्या कोण.

"चार वर्सं खपून केला, आन् मी सांगत हुतो, कोयता माझा हाय," मिस्त्री म्हणाले. "हिनं सांगितलं, तवा तो माझा झाला."

मंगलाष्टकांची वेळ झाली आणि नवरीचा बाप सापडेना. मनकर्णाबाईंनी मला शोधायला पिटाळलं. मिस्त्री फेटा बांधलेले, पहिल्या रांगेत सोफ्यासमोर खाली बसले होते, आणि एका डावऱ्या बाईच्या मुठीचं माप सुतळीने घेत होते.