दहा पाकळ्यांचा नंबर

"काका, नंबर कुठाय?"

"थांबा हो ताई, उमलू तर द्या."

ताई थांबल्या. काउंटरवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर आधी फिकट गुलाबी रंग पसरला, मग मधोमध एक कळी आली, ती जरा लाजल्यासारखी थरथरली आणि तिची एकेक पाकळी सावकाश उघडू लागली. प्रत्येक पाकळीवर एक आकडा. दहा पाकळ्या उघडल्या, दुकानाचा फोन नंबर पुरा झाला आणि मग ते अख्खे फूल हळूहळू गोल फिरू लागले. सगळे मिळून अकरा सेकंद. नक्षीकाका पडद्याकडे बघतच नव्हते. ते ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"हाताने काढलंय?" ताईंनी विचारले.

"एकेक पाकळी. कागदावर, टाकाने. तीन आठवडे लागले."

"सुरेख आहे हो. पण हे फिरतंय, तर पहिला आकडा कुठला ते कसं कळायचं?"

"पहिल्या पाकळीवर दवाचा थेंब आहे ना!" काका म्हणाले, जणू थेंब बघून नंबर वाचायची रीत जगात पहिल्यापासूनच होती.

ताईंचे दुकान आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तू भाड्याने देण्याचे होते. ऑक्सिजनचे सिलिंडर, वरखाली होणारे पलंग, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि फोन, मागच्या खोलीत भिंतीला साखळीने बांधून ठेवलेले सिलिंडर. ताईंना खरे तर आणखी दोन शंका विचारायच्या होत्या. पण समोर साठीला टेकलेला माणूस शाबासकीसाठी असा आसुसून उभा होता, की त्यांचे तोंडच उघडेना. तेवढ्यात फोन वाजला. "लावून टाका काका," असे म्हणून त्या फोनकडे वळल्या.

नक्षीकाकांचे खरे नाव बायकोला आणि बँकेला ठाऊक असेल, बाकी सगळ्यांना ते नक्षीकाकाच होते. छापखान्यात होते तेव्हा लग्नपत्रिकांच्या कडेची वेलबुट्टी तेच काढायचे. वेल इतकी माजायची की नवरदेवाचे नाव पानात शोधावे लागे. छापखाना बंद पडल्यावर, पन्नाशीत, ते संगणक शिकले आणि लहानसहान दुकानदारांच्या वेबसाइट बनवू लागले. तिथेही हात काही आवरला नाही. शिंप्याच्या वेबसाइटवर एक सुई दोरा घेऊन पडदाभर धावायची. दातांच्या डॉक्टरच्या पानावर बत्तीस दात एका ओळीत नाचत यायचे आणि डॉक्टरांच्या भेटीची वेळ अक्कलदाढेमागे लपलेली असायची. लोक हसायचे, काकांना जीवही लावायचे, पण अलीकडे ते तयार साच्यातल्या वेबसाइट घेऊ लागले होते. ताईंचे काम चार महिन्यांनी आलेले पहिले काम होते. आपला हात अजून कुणाला हवा आहे की नाही, हे काकांना या फुलावरून कळणार होते.

काकांची बायको टेलिफोन खात्यात तीस वर्षे ऑपरेटर होती. तिला त्यांनी फूल दाखवले तेव्हा तिने चष्मा वर करून विचारले, "छानच आहे. नंबर कधी येणार?"

"येतोय ना, एकेक पाकळीने."

"अहो, फोन लावणाऱ्या माणसाला फोन लावायचा असतो. मी तीस वर्षं ऐकलीत ती माणसं. त्यांना 'नमस्कार' म्हणायलाही सवड नसते."

"म्हणून तर!" काका उसळले. "घरात आजारपण असलेल्या माणसाला दोन क्षण काहीतरी सुंदर दिसायला नको? दवाखान्यात सगळं पांढरं, औषधाच्या बाटल्या तपकिरी. कुठेतरी एक फूल असावं की नाही?"

त्या म्हणण्यात काही चुकीचे आहे असे बायकोलाही वाटले नाही. सोमवारी वेबसाइट सुरू झाली.

गुरुवारी सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून दुकानात गेले. निमित्त होते ताईंना काही अडचण नाही ना हे विचारायचे. खरे कारण, कौतुक ऐकायचे होते. ताई एका पलंगाचा सैल झालेला स्क्रू घट्ट करत बसल्या होत्या.

"काय म्हणतात लोक?" काकांनी सहज विचारल्यासारखे विचारले.

"दोन-तीन जण म्हणाले, फूल छान आहे. फोन मात्र जरा कमी आलेत या आठवड्यात. असतो एखादा आठवडा तसा."

ताईंचे बोलणे संपायच्या आत दारात एक आजोबा येऊन उभे राहिले. पायात घरातल्या सपाता, सदऱ्याची बटणे वरखाली लागलेली, हातात एक टॅब घट्ट धरलेला. त्यांना इतका दम लागला होता की चौकट धरूनच उभे होते.

"सिलिंडर," ते म्हणाले. "बायकोला. घरचं मशीन सकाळी बंद पडलं. छोटी बाटली आहे, ती तासभर पुरेल म्हणाले होते. त्यातली चाळीस मिनिटं गेली."

ताईंनी पुढचा एकही प्रश्न वाया घालवला नाही. पत्ता, मजला, किती लिटरवर लावलाय, एवढेच विचारले. टेम्पोवाल्याला हाक मारली, साखळी सोडली, सिलिंडर स्वतःच बुडाच्या कडेवर तिरका करून फिरवत दारापर्यंत नेला. टेम्पो निघाला. "दहा मिनिटांत पोचतो तो, आणि लावूनही देतो. घरी कुणी आहे?"

"शेजारीण बसलीये."

"तिला फोन करून सांगा, निघाला म्हणून. मग पाणी प्या. नंतर मी स्कूटरवरून सोडते तुम्हाला."

आजोबांनी फोन केला, पाणी प्याले आणि मग टॅब काउंटरवर ठेवला. फूल त्यावर अजून फिरत होते.

"तीनदा फोन लावला हो मी," ते म्हणाले. "एकदा बंद लागला. एकदा कुठल्या तरी बाईंनी उचलला, बिचाऱ्या झोपेत होत्या. तिसऱ्यांदा पुन्हा त्याच. मग म्हटलं, पत्ता खाली आहे, आपण चालतच जाऊ."

"नंबर चुकीचा लागला?" ताईंनी हळूच विचारले.

"मला कुठून सुरू करायचं तेच कळेना. वरून सुरू करावं तर तोवर वरचं खाली गेलेलं असायचं. बोट ठेवून बघितलं, तर दाबून फोनही लागेना."

"चित्र आहे ते," काकांच्या तोंडून निघून गेले. "पहिल्या पाकळीवर थेंब आहे."

"थेंब होय! मला वाटलं पाणी उडालं. मी सदऱ्याने पुसत होतो." आजोबा स्वतःशीच हसले. "फूल मात्र सुंदर आहे हां. मी काल हिला दाखवलं होतं. ती म्हणाली, कुणीतरी जीव लावून काढलंय."

आजोबा चिडले असते तर काकांना बरे वाटले असते, चिडलेल्या माणसाशी वाद तरी घालता येतो. ताई काकांकडे बघत नव्हत्या. त्या मुद्दाम कागदावर मोठ्या अक्षरात नंबर लिहीत होत्या, आणि हे फूल कुणाचे ते त्या सांगणार नाहीत, हे काकांना कळले. गप्प बसले असते तर निभावून गेले असते.

"मी काढलंय ते," काका म्हणाले. "चुकलं माझं."

आजोबांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. आजोबांचा होता, शेजारीण बोलत होती. सिलिंडर लागला होता, ऑक्सिजनचा आकडा पुन्हा वर चढत होता. आजोबा खाली बसले आणि सदऱ्याची बटणे नीट लावू लागले.

त्यांना सोडून ताई परत आल्या, तेव्हा काका काउंटरमागच्या स्टुलावर लॅपटॉप उघडून बसले होते.

"ताई, फोन केल्यावर लोक पहिलं काय विचारतात?"

"आहे का. मग, किती वेळात येईल."

"पुढे?"

"लिफ्ट नाहीये, वर आणून देणार का. आणि लावून कोण देणार. घाबरलेली असतात हो माणसं, नळी जोडायलाही हात धजत नाही."

काकांनी तेवढेच लिहिले. सर्वांत वर नंबर, आडवा, सरळ, बोट ठेवले की फोन लागेल असा. त्याखाली चार ओळी. सिलिंडर आहेत. अर्ध्या तासात घरी पोचतो. जिना चढून वर आणतो. लावून, दाखवून जातो. पांढऱ्यावर काळी अक्षरे, कुठे रेघ नाही की बुट्टी नाही. तीन आठवड्यांचे काम पुसून नवे लावायला त्यांना वीस मिनिटे लागली, आणि त्यांना मनापासून वाईट वाटले. एवढे वाईट छापखाना बंद पडला तेव्हाही वाटले नव्हते.

ताईंनी खांद्यावरून पाहिले. "काका, फूल खाली कुठेतरी राहू द्या ना. मला आवडायचं ते."

"नको. खाली ठेवलं तरी माझा हात त्याला वर आणायला बघेल. मला ठाऊक आहे मी कसा आहे." मग त्यांनी विचारले, "हे चालेल?"

"हे मी स्वतः बोलते तसंच आहे," ताई म्हणाल्या आणि मागच्या खोलीत सिलिंडर मोजायला गेल्या.

काका लॅपटॉप मिटून उठणार, तोच काउंटरवरचा फोन वाजला. ताईंचे दोन्ही हात साखळीत अडकलेले होते. "घ्या हो काका!" त्या आतून ओरडल्या.

पलीकडे एका तरुण बाईचा आवाज होता. "सिलिंडर हवाय, वडिलांना. लिहून घ्या," म्हणून ती थेट पत्ताच सांगू लागली. काकांनी समोरचा कागद ओढला. दुसरा मजला, लिफ्ट नाही, दारावर निळा पडदा. वेबसाइट कशी वाटली, यावर ती अवाक्षर बोलली नाही. तिने ती पाहिली होती का, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. काकांनी पत्ता तिला परत वाचून दाखवला.

"बरोबर. लावून द्याल ना? मला काही येत नाही त्यातलं."

"देतो. दाखवूनही जातो. घाबरू नका."

"तुम्ही कोण बोलताय?"

काकांनी लॅपटॉप मिटला.

"दुकानातलाच माणूस," ते म्हणाले, आणि पत्त्याचा कागद घेऊन टेम्पोवाल्याला हाक मारायला दाराशी गेले.