नकाशात नसलेला नळ

"मामा, नक्की शून्य? नाहीतर पाणी उकळून प्या म्हणून सांगून टाकू," इंजिनिअरसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

"जेवताना घास मोजायला चुकेन साहेब, नळ नाही."

पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडण्यात नि बंद करण्यात चौतीस वर्षं घालवलेल्या या गृहस्थांना सगळे चावीमामा म्हणत. वरचं चेंबर फुटून त्यात गटाराचं पाणी शिरलं होतं. ते खालच्या वस्तीत किती वाटांनी पोचतं, हे मामा खात्याच्या नकाशावरून, खडूनं लोखंडी झाकणावर मोजत होते. रीत सोपी. पाणी उताराला जातं, मागं फिरत नाही. या बाबतीत ते माणसापेक्षा शहाणं. म्हणून फुटक्या चेंबरला एक लिहायचा आणि खाली येत राहायचं. ज्या चौकात दोन नळ मिळतात, तिथं दोन्हीकडच्या चौकांचे आकडे मिळवायचे. वस्तीपाशी बेरीज आली सात. मामांनी तीन व्हॉल्व्ह बंद केले आणि पुन्हा मोजलं. शून्य. आता वस्तीला फक्त दुसऱ्या टाकीचं पाणी. तिथं त्यांची धाकटी बहीण राहत असल्यानं त्यांनी आणखी एकदा मोजलं. मग उकळायचा सल्ला हा स्वतःचा अपमान समजून मामा वस्तीभर फिरून सांगून आले, बिनधास्त प्या.

तिसऱ्या दिवशी एकोणीस माणसं इस्पितळात होती. सगळी बहिणीच्या गल्लीतली आणि त्यापुढच्या दोन गल्ल्यांतली.

तेव्हा कुठं मामांना आठवलं. बारा वर्षांपूर्वी तिच्या नळाला करंगळीएवढी धार येईना, म्हणून एका रविवारी त्यांनीच वरच्या चौकातून गल्लीपर्यंत एक नळ टाकला होता. परवानगी नव्हती, म्हणून नकाशावर नव्हता. खात्यात जे नकाशावर नसतं ते जगातही नसतं, आणि इतक्या वर्षांत मामांनाही ते खरं वाटू लागलं होतं.

इस्पितळातल्या खाटेवर बहिणीचे ओठ सुकले होते. तक्रारीचा सूर नव्हता.

"दादा, तू सांगितलंस म्हणून उकळलं नाही रे."

ती दुपारी गेली.

तिचं सगळं आटोपून मामा दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. शिळ्या अन्नाची बाधा, असा अहवाल वर गेलासुद्धा होता. मामांनी नळाचं सांगितलं, तेव्हा साहेबांनी उठून दार लोटलं.

"चार महिन्यांत रिटायर होताय. कशाला उकरता? गेलेलं माणूस परत येतं का?"

"नाही. पण नळ अजून चालू आहे," मामा म्हणाले.

त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर पसरला. पट्टी लावून नळ काढला. बहिणीच्या गल्लीपाशी एक लिहिला. पुढच्या दोन गल्ल्यांना त्या गल्लीतूनच पाणी जायचं. तिथंही एक-एक लिहिला. कोपऱ्यात, नळ कोणी टाकला ते लिहायच्या जागी, त्यांनी आपलं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

मग व्हॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून ते वरच्या चौकाकडे चालू लागले.