नंबर नसलेली रायफल

बेल्जियममधल्या लिएजच्या एका कारखान्याने फौजेला चाचणीसाठी बनवलेल्या रायफली नेमक्या किती, या एकाच प्रश्नापायी गास्पारने तीस वर्षं घालवली होती. सात सापडल्या, त्यांतला सर्वांत मोठा नंबर एकोणीस, म्हणून त्याचा अंदाज बावीसचा. आता आठवी हाती लागली होती, आणि तिच्यावर नंबरच नव्हता.

"म्हणजे ही सगळ्यांत पहिली," फोटो पुढे सरकवत तो म्हणाला. "मोजायला सुरुवात व्हायच्या आधीची."

समोर बसलेल्या म्हाताऱ्या ओदिलबाईंचे वडील त्याच कारखान्यात चाचणीचे बार काढायचे. म्हातारीने कॉफीचा कप बाजूला ठेवून फोटो बराच वेळ निरखला.

"तीस वर्षं मोजतोयस, पण नंबर कधी ठोकायचे हे कुणाला विचारलं नाहीस?" ती म्हणाली. "आधी बार काढायचे. टिकली, तरच नंबर. जिला तडा गेला ती भट्टीत. माझ्या बाबांचा डोळा नेला तीसुद्धा अशीच होती, बिननंबरी. ही भट्टीच्या तोंडातून कुणी पळवली कोण जाणे. कुठंय आत्ता?"

गास्पार ताडकन उठला. रायफल टेकडीमागच्या दगडखाणीत होती, धाकट्या भावाच्या, लांबेरच्या खांद्याला. पाच काडतुसं गास्पारनेच सकाळी मोजून दिली होती.

तो दाराशी पोचतोय तोच टेकडीमागून पहिला बार ऐकू आला. उंबऱ्यातच थबकून तो दुसऱ्याची वाट पाहू लागला.

म्हातारीने मात्र वाट पाहिली नाही. तिने दवाखान्याला फोन लावला होता.