वाढवलेला वेग

पंख्यांची घरघर एकाएकी थांबली आणि आतल्या खोलीत बाळीला पाजत बसलेल्या वर्षाराणीनं मान वर केली. कॉम्प्युटर परत बंद पडला होता.

जालन्याच्या एका इंजिनिअरनं तिला परीक्षा म्हणून एका बंगल्याचा व्हिडिओ करायला दिला होता. घर बांधण्याआधीच ते आतून-बाहेरून फिरून दाखवायचं. संध्याकाळपर्यंत पाठवला आणि पसंत पडला, तर भोकरदनला घरी बसून कायमचं काम. लग्नाआधी ती हेच करायची. बाळंतपणात सुटलं ते सुटलंच. आता आपल्याला कोण विचारतंय, असं तिनं मनाशी धरूनही टाकलं होतं.

कॉम्प्युटरच्या नेहमीच्या वेगानं व्हिडिओ वेळेत होणार नव्हता. म्हणून सकाळी ती मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरली. हा बोर्ड तिनं हट्टानं घेतला होता. प्रोसेसरचा वेग हातानं वाढवता येतो, व्होल्टेज कमी-जास्त करता येतं, एकेका पंख्याची गती वेगळी ठरवता येते. साध्या बोर्डात ही सोय नसते. इतके दिवस धीर झाला नव्हता. आज तिनं वेग चढवला, व्होल्टेज किंचित वाढवलं, बराच वेळ तपासलं. सगळं बराबर होतं.

आणि तेव्हापासून हे असं. प्रोसेसर फार तापला की जळण्याआधी मशीन आपणच वीज तोडतं, हे तिला ठाऊक होतं. तरी बोर्ड गेला तर? नवरा, आदिनाथ, नवीन जालना भागातल्या बियाण्याच्या कंपनीत कामाला. त्याला तिनं काही सांगितलंच नव्हतं. व्हिडिओची तयार झालेली एकेक चित्रं शाबूत राहत होती, पण वेळ निघून चालला होता.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली. ती समोर बसली की तापमान जागेवर राही. पाठ वळली की चढे. अगदी बाळीसारखं, आई उठली की रड सुरू.

मशीन परत सुरू करून तिनं बाळीभोवती उशा लावल्या आणि दाराआड उभी राहिली.

मागच्या अंगणातून सासू, आसराबाई, पिळलेले लंगोट घेऊन आली. इकडंतिकडं बघितलं, आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर एकेक लंगोट पसरून हातानं नीट सपाट केला.

"आत्याबाई, काय करताय?"

"हळू बोल माय, पोरगी उठंल." आसराबाई ओशाळली नाही. "ऊन कुठंय? ओल्या लंगोटानं पोरीला पुरळ उठलंय. सकाळपासून हे चांगलं गरम वारं सोडून राह्यलंय. म्हणलं, मशीनीचा एवढा तरी उपेग."

वर्षाराणीनं लंगोट ओढून काढले. आत वीज, वर पाणी. आणि दुपारचा लंगोट हाताला उबदार लागला, तेव्हा तिला वाटलं होतं, आत्याबाईंनी इस्त्री फिरवली.

"गरम हवा इथून निघते. ती कोंडली की मशीन बंद पडतं," ती म्हणाली. रागवायचं होतं, पण आवाज भलतीकडंच गेला. "आज हे काम न्हाई गेलं, तर मला परत कोण बोलावणार हाय, आत्याबाई?"

आसराबाईला आजवर वाटत होतं, सून नुसती चित्रं बघत बसते.

"मंग पुसून घे ते जल्दी. पोरीला मी बघते."

वर्षाराणीनं जाळी कोरडी केली, वेग थोडा उतरवला, मागचा पंखा पूर्ण वेगानं सोडला. आसराबाईनं भिंतीपासून खिडकीपर्यंत दोरी बांधली, मशीनीपासून चांगली लांब, आणि बाळीला मांडीवर घेऊन तिथंच बसली. शेजारची उषाबाई डोकावली नि म्हणाली, काय पहारा देऊन राह्यल्या.

"सून कामावर हाय," आसराबाई म्हणाली. "नंतर ये."

दिवेलागणीला व्हिडिओ गेला. थोड्या वेळानं इंजिनिअरचा फोन आला. काम आवडलं होतं. दुसरा नकाशा पाठवतो म्हणाला, सोमवारी द्याल का?

होय म्हणायला वर्षाराणीनं तोंड उघडलं. खांद्यावर बाळी झोपली होती, आणि मशीनीच्या कडेची हवा अजून हाताला चटका देत होती.

"सोमवारी न्हाई जमणार, सर. बुधवारी देते."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"बरं," तो म्हणाला. "बुधवारी द्या."