डोळ्यांची आखणी

दरवर्षी गणपती मीच घडवते, मॉन्ट्रियलच्या आमच्या बेसमेंटात. माझी शाळा चौथीत सुटली. पण पेणच्या कारखान्यात सासऱ्यांनी डोळ्यांची आखणी मुलाला सोडून मला शिकवली. ते काय उगाच?

दोन हजार पंधरा साली मात्र हात कापायला लागला. चतुर्थी चार दिवसांवर आलेली, मूर्ती रंगून तयार, आणि डोळे कोरे.

सून माधवी म्हणाली, "आई, मी आखू का?"

"मातीवर ओली फडकी घालणारीनं देवाला नजर द्यायची? वर्षभर तिरळा बघेल तो आपल्याकडे!"

ती वर गेली. बेसमेंटात हवा कोरडी करणारं मशीन चालतं, एका दिवसात सोंडेला तडा जातो. म्हणून मूर्ती घडत होती तो महिनाभर ऑफिसातून आली की बूटही न काढता ती आधी फडकी भिजवायची. हे मला दिसत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी माधवीची लेक, माझी नात ऊर्मी, मला म्युझियमला घेऊन गेली. रोदाँ म्हणून फ्रान्सचा जुना मूर्तिकार, त्याचं प्रदर्शन होतं. मातीत घडवून मग प्लास्टरमध्ये ओतलेले नुसते हात मांडलेले, पण जिवंत! बघत राहिले. मग विचारलं, "ह्याची माती ओली कोण ठेवायचं गं?"

"आजी, who asks that?" ती हसली, तरी फोनमध्ये शोधलं. "रोज नावाची बाई. तो गावाला गेला की पत्रातून सांगायचा, माती सांभाळ. बावन्न वर्षं एकत्र राहिल्यावर तिच्याशी लग्न केलं. पंधरा दिवसांत ती गेली."

"मेल्याला बावन्न वर्षं सवड नव्हती?"

"Like Mom, no?"

"तुझी आई चांगली वाजतगाजत आणलेली आहे!"

"आजी, मी लग्नाचं नाही म्हटलं."

घरी येऊन कागदी ताटलीवर सात डोळे काढून पाहिले. एकही धड नाही. तेव्हा माधवीला हाक मारली, ब्रश पुढे केला.

ती हात मागे घेऊन म्हणाली, "नको आई. तुम्ही तिरळा म्हणालात ना, ते डोक्यातून जात नाही. आता मला जमायचं नाही."

माफी मागायची सवय मला नाही. म्हटलं, "माझा पहिला गणपती चकणाच झाला होता. सासऱ्यांनी तो विकला नाही, घरात पुजला. बस."

ती बसली. श्वास रोखून डावं बुबुळ काढलं. जरासं वर गेलं. मला दिसलं, तिलाही दिसलं.

"पुसू?"

"पुसलेला डोळा मळकट दिसतो. आता उजवा त्याच्या जोडीला बसव."